मुंबई हायची ज्वाळा आणि झाडीपट्टीचे सरपण

खनिज तेल भूगर्भातून सहसा एकटे वर येत नाही. ज्या सच्छिद्र खडकात ते साठलेले असते तेथील प्रचंड दाबामुळे मिथेन, इथेन, प्रोपेन, ब्यूटेन असे वायू त्यात विरघळलेले असतात, आणि विहिरीतून वर येताना दाब उतरला की ते तेलातून सुटे होतात. तेलाबरोबर निघणाऱ्या या वायूस तेलक्षेत्राच्या परिभाषेत सहजात वायू म्हणतात. हा वायू वाहिनीने किनाऱ्यावर नेता येतो, पुन्हा खडकात दाबून भरता येतो, किंवा उंच नळीच्या तोंडाशी पेटवून देता येतो. यांतील तिसऱ्या मार्गाला फ्लेअरिंग हे नाव आहे, आणि पहिल्या दोन मार्गांना लागणारा पैसा, यंत्रसामग्री किंवा इच्छा जेथे वेळेवर उभी राहिली नाही, तेथे तेलउद्योगाने जवळजवळ नेहमी हा तिसराच मार्ग धरलेला दिसतो. महाराष्ट्रात त्याचा मोठा अध्याय अरबी समुद्रात, मुंबई हाय या तेलक्षेत्रावर, साधारणपणे १९७६ ते १९९५ या काळात घडला.

चंद्रपूर जिल्ह्यातील नागभीड तालुका या समुद्रापासून राज्याच्या दुसऱ्या टोकाला आहे. तेथे तेलाची विहीर नाही, वायूची वाहिनी नाही, आणि मुंबई हायच्या इतिहासात त्याचे नाव कोठे येण्याचे कारणही वरवर पाहता दिसत नाही. तरीही फ्लेअरिंगच्या खर्चाचा हिशेब लावताना या तालुक्याकडे पाहिले पाहिजे, कारण वाया गेलेल्या इंधनाची सगळी किंमत ते जेथे जळाले तेथे सापडत नाही. त्याच्या जागी दुसरे कोणते इंधन, कोठे आणि कोणाच्या श्वासात जळत राहिले, हे पाहिल्यावरच ती पुरती कळते. चंद्रपूरचा कोळसा आणि नागभीड, ब्रह्मपुरी, गडचिरोली या पूर्व विदर्भातील जंगलपट्ट्यातील, म्हणजे झाडीपट्टीतील, सरपण ही त्या काळातील अशी दोन इंधने होत.

तेल व नैसर्गिक वायू आयोगाची स्थापना १९५६ मध्ये झाली, आणि खंबायतच्या आखाताच्या भूकंपलहरी-पाहणीत, म्हणजे कृत्रिम हादरे देऊन त्यांच्या प्रतिध्वनींवरून खडकांची रचना ओळखण्याच्या पाहणीत, १९६० च्या दशकाच्या मध्यात एका सोव्हिएत जहाजाने मुंबईच्या पश्चिमेकडील समुद्रतळाखालचा मोठा उंचवटा प्रथम टिपला. त्यावर प्रत्यक्ष विहीर खोदण्यास पुढे जवळजवळ दशक लागले. जपानमध्ये बांधलेल्या ‘सागर सम्राट’ या खोदकाम-फलाटाने फेब्रुवारी १९७४ मध्ये तेथे तेल शोधले, तेव्हा अरब राष्ट्रांच्या तेलबंदीनंतर तेलाचे जागतिक भाव चौपट होऊन जेमतेम काही आठवडे झाले होते. परकीय चलनाच्या विवंचनेत असलेल्या सरकारला हा शोध देवासारखा धावून आल्यासारखा वाटला यात नवल नाही, आणि शोधापासून सव्वादोन वर्षांत, २१ मे १९७६ रोजी, उत्पादन सुरू झाले. भारतीय सार्वजनिक उद्योगाच्या इतिहासात इतक्या झपाट्याने उभे राहिलेले काम विरळा, आणि अभियंत्यांच्या त्या कर्तबगारीचे जे कौतुक झाले ते यथार्थच होते.

परंतु ही घाई केवळ तेलाची होती. पहिली दोन वर्षे तेल टँकरमध्ये भरून किनाऱ्याला आणले जात असे, आणि टँकरमध्ये तेल भरता येते तसा वायू भरता येत नाही. वायूला एक तर समुद्रतळावरून वाहिनी टाकावी लागते, नाहीतर उणे १६० अंशांच्या आसपास थंड करून त्याचा द्रव करावा लागतो, आणि दुसरी गोष्ट त्या काळात भारताच्या आवाक्याबाहेर होती. साहजिकच वाहिनी येईपर्यंत निघालेला वायू जाळला गेला. १९७८ मध्ये समुद्रतळावरून सुमारे दोनशे किलोमीटरच्या वाहिन्या मुंबईजवळच्या उरणपर्यंत आल्या, त्यांतील एक तेलाची आणि एक वायूची. येथे फ्लेअरिंग संपायला हवे होते, पण त्याची खरी वाढ येथूनच झाली. तेलाच्या विहिरी वर्षागणिक वाढत गेल्या. किनाऱ्यावरील वायूचे ग्राहक आणि समुद्रातील दाबयंत्रे मात्र त्या गतीने वाढली नाहीत.

फ्लेअरची रचना दिसायला साधी असते. विहिरींचे मिश्रण प्रथम विभाजक नावाच्या मोठ्या आडव्या टाकीत येते, तेथे पाणी तळाशी, तेल मध्ये आणि वायू वर असे थर होतात, आणि वायूतील उरलेसुरले द्रवाचे थेंब दुसऱ्या टाकीत गाळले गेल्यावर तो फलाटापासून दूरवर काढलेल्या लांब लोखंडी बाहूच्या टोकाशी पोहोचतो. त्या टोकाला एक लहान ज्योत अहोरात्र तेवत ठेवलेली असते, जेणेकरून येणारा वायू न जळता हवेत पसरून स्फोटाला कारण होऊ नये. ही सोय मुळात सुरक्षिततेसाठी आहे, आणि यंत्र बिघडल्यास किंवा दाब एकाएकी वाढल्यास तिच्यावाचून फलाटावरील माणसे वाचणार नाहीत, हे विसरता येत नाही. आक्षेप आणीबाणीच्या ज्वाळेवर नसून, रोजच्या उत्पादनाचा भाग म्हणून वर्षानुवर्षे चालणाऱ्या ज्वाळेवर आहे. वायू पूर्ण जळाला तर कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ निर्माण होते. पण वारा जोराचा असला, वायूत जड घटक अधिक असले किंवा टोकाशी हवा नीट मिसळली नाही, तर काजळी, कार्बन मोनॉक्साइड, बेंझीनसारखी विषारी द्रव्ये आणि न जळलेला मिथेन हवेत जातो. तेलकंपन्या ९८ टक्के वायू जळतो असे गृहीत धरून हिशेब करीत आल्या. अमेरिकेतील तेलक्षेत्रांवर विमानांतून केलेली मोजमापे २०२२ मध्ये प्रसिद्ध झाली तेव्हा विझलेल्या ज्वाळा धरून हे प्रमाण सरासरी ९१ टक्क्यांच्या आसपास भरले. मिथेन वीस वर्षांच्या कालखंडात कार्बन डायऑक्साइडच्या ऐंशीपट तापमानवाढ करतो, म्हणून हा सात टक्क्यांचा फरक किरकोळ नाही.

देशाच्या पातळीवरील आकडे या काळाची कथा पुरेशी स्पष्ट करतात. मुंबई हाय सापडण्यापूर्वी, १९७०-७१ मध्ये, आसाम आणि गुजरात मिळून भारतात सुमारे १४४.५ कोटी घनमीटर वायू निघाला आणि त्यातील ७६ कोटी, म्हणजे निम्म्याहून अधिक, जाळला गेला. त्यामुळे ही सवय मुंबई हायने लावली असे म्हणता येत नाही, ती वारशाने आली होती. १९८०-८१ मध्ये २३५.८ कोटी घनमीटरांपैकी सुमारे ७७ कोटी जाळले गेले. दहा वर्षांनंतर, १९९०-९१ मध्ये, उत्पादन जवळजवळ १,८०० कोटी घनमीटरांवर पोहोचले आणि जाळलेला वायू ५१३ कोटी घनमीटर झाला. टक्केवारी थोडी उतरली, पण प्रत्यक्ष जळणारा वायू दशकभरात सुमारे पावणेसातपट वाढला. या वाढीचा मोठा भाग पश्चिम समुद्रातील होता, कारण देशाचे बहुतेक नवे तेल तेथूनच येत होते आणि १९८९-९० मध्ये देशाचे तेलउत्पादन ३ कोटी ४० लाख टनांच्या तोवरच्या उच्चांकावर जाण्यामागे मुंबई हायच होते.

५१३ कोटी घनमीटर म्हणजे दिवसाला सरासरी १ कोटी ४० लाख घनमीटर. हजिरा–विजयपूर–जगदीशपूर ही १,७०० किलोमीटरहून लांब वाहिनी, जी १९८४ मध्ये स्थापन झालेल्या गॅस अथॉरिटी ऑफ इंडियाने उत्तर भारतातील खत कारखान्यांसाठी बांधली आणि जिचा त्या काळात राष्ट्रीय पराक्रम म्हणून गौरव झाला, तिची मूळ क्षमता दिवसाला १ कोटी ८२ लाख घनमीटर होती. म्हणजे देश एका हाताने ही वाहिनी बांधीत असताना दुसऱ्या हाताने तिच्या तीनचतुर्थांश क्षमतेइतका वायू रोज जाळीत होता. १९८७ मध्ये ठरलेल्या १,००० घनमीटरला १,४०० रुपये या सरकारी दराने मोजले तरी एका वर्षाच्या या वायूची किंमत सातशे कोटींहून अधिक होते, आणि त्यातून निघालेला कार्बन डायऑक्साइड ढोबळमानाने एक कोटी टन भरतो.

असे का झाले, याचे उत्तर देताना तांत्रिक अडचणींची यादी पुढे केली जाते, आणि त्या अडचणी खोट्या नव्हत्या. समुद्रातील कमी दाबाचा वायू वाहिनीत ढकलण्यासाठी दाबयंत्रांचे स्वतंत्र फलाट लागतात, ते महाग असतात आणि बरीचशी सामग्री परदेशातून आणावी लागत होती. मुंबईतील वीज आणि खत कारखाने ठराविक वायू घेत, आणि त्यांचे यंत्र दुरुस्तीसाठी बंद पडले की तेवढा वायू त्या दिवशी ज्वाळेकडे वळे. उरणला राज्य विद्युत मंडळाने १९८२ पासून वायूवर चालणारी टर्बाइने बसवली. अलिबागजवळ थळ येथील राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्सचा मोठा कारखाना मात्र १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत उत्पादनात आला नव्हता. परंतु अडचणींची ही यादी खरे कारण झाकते. तेल हे उत्पादन आणि वायू हा त्याचा उपद्रव, अशीच हिशेबाची मांडणी होती. तेलाचा प्रत्येक टन आयात वाचवीत असे आणि त्याची नोंद संसदेत, अंदाजपत्रकात, वृत्तपत्रात होई. जाळलेल्या वायूची नोंद तांत्रिक अहवालाच्या एखाद्या रकान्यात राही. आधी तेल काढायचे आणि वायूचे काय करायचे ते मागाहून पाहायचे, हा क्रम हाच मूळ दोष होता.

हा क्रम उलटा ठेवता येतो याची उदाहरणे त्या वेळी उपलब्ध होती. टेक्ससच्या रेलरोड कमिशनने, ज्या संस्थेकडे नाव रेल्वेचे असूनही तेथील तेलविहिरींचे नियमन असते, १९४७ मध्ये सीलिग्सन क्षेत्रातील विहिरी वायूची सोय होईपर्यंत बंद ठेवण्याचा आदेश दिला आणि तो तेथील सर्वोच्च न्यायालयात टिकला. नॉर्वेच्या संसदेने १९७१ मध्ये, उत्तर समुद्रातील तेल नुकतेच वर येऊ लागले असताना, उपयोगी वायू चाचणीचा अल्प काळ वगळता जाळू द्यायचा नाही असे धोरणच ठरवून टाकले. नॉर्वे श्रीमंत होता आणि भारत गरजू होता हा युक्तिवाद येथे अपुरा पडतो, कारण गरजू देशाला इंधन जाळून टाकणे अधिक महाग पडते.

ते किती महाग पडले याची पहिली खूण चंद्रपूर शहराच्या वेशीवर दिसते. चंद्रपूर महाऔष्णिक विद्युत केंद्राचा पहिला संच १९८३ मध्ये सुरू झाला, १९८६ पर्यंत २१० मेगावॉटचे चार संच उभे राहिले, १९९१ आणि १९९२ मध्ये ५०० मेगावॉटचे दोन आणि १९९७ मध्ये तिसरा आला, आणि एकूण क्षमता २,३४० मेगावॉट झाली. समुद्रातील ज्वाळा सर्वांत मोठ्या होत्या तीच ही वर्षे. १९९०-९१ मध्ये जाळलेला वायू साध्या, कमी कार्यक्षम टर्बाइनमध्ये वापरला असता तरी दीड हजार मेगावॉटहून अधिक वीज सतत मिळाली असती. चंद्रपूरच्या पहिल्या चार संचांची मिळून क्षमता ८४० मेगावॉट होती. मुंबई-पुण्याच्या कारखान्यांना लागणारी वीज वर्धा खोऱ्यातील कोळसा जाळून पूर्व विदर्भात तयार करायची आणि तारांवरून पश्चिमेला न्यायची, ही व्यवस्था निव्वळ फ्लेअरिंगमुळे जन्मली असे म्हणणे अतिशयोक्त ठरेल, कारण कोळसा तेथे होताच आणि राज्याची विजेची भूक वायूने एकट्याने भागली नसती. पण मुंबईच्या दारात असलेले तुलनेने स्वच्छ इंधन समुद्रावर जळत असताना राखेचे प्रमाण अधिक असलेला कोळसा चंद्रपुरात जळत होता, एवढे निर्विवाद आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ मध्ये देशातील औद्योगिक क्षेत्रांची प्रदूषणानुसार क्रमवारी लावली तेव्हा चंद्रपूर ८३.८८ गुणांसह देशात चौथे आले. राख, धूर आणि खाणींची धूळ यांच्यासह जगण्याचा तो हिशेब कोणत्याही तेलकंपनीच्या ताळेबंदात येत नाही.

चंद्रपूरहून उत्तरेकडे नागभीडला येताना खाणींचा पट्टा मागे पडतो आणि भातशेती, तलाव व साग-बांबूचे मिश्र जंगल सुरू होते. १९०८ मध्ये नागपूरहून आलेला अरुंद मापाचा लोहमार्ग आणि गोंदियाहून चांदा फोर्टकडे जाणारा मार्ग येथे एकत्र येत, म्हणून नागभीड हे झाडीपट्टीचे जंक्शन झाले. वनातील माल बाहेर जाण्याची ही वाट होती, पण वनातले सरपण गावातच जळे. या प्रदेशातील गावांचे जंगलाशी असलेले नाते निस्तार या शब्दाने ओळखले जाते. घरबांधणीचे लाकूड, कुंपणाचे काटे, गुरांचे चराऊ रान आणि चुलीचे सरपण यांवर गावाचा जो परंपरागत हक्क असे, तो म्हणजे निस्तार. मालगुजारीच्या काळात हे जंगल मालगुजाराच्या, म्हणजे गावाचा सारा सरकारजमा करणाऱ्या जमीनदाराच्या, ताब्यात होते आणि निस्तार त्याच्या मर्जीवर व रिवाजावर चाले. १९५१ मध्ये मध्य प्रदेश सरकारने, ज्यात चांदा, म्हणजे नंतरचा चंद्रपूर, जिल्हा तेव्हा होता, मालगुजारी संपुष्टात आणल्यावर ही जंगले शासनाकडे आली आणि निस्ताराचे हक्क कागदावर नोंदवले गेले. कागदावरचा हक्क आणि नाक्यावरचा वनरक्षक यांच्यातले अंतर झाडीपट्टीतील बाईला कोणी समजावून सांगण्याची गरज नसे.

१९७४ हे वर्ष या दृष्टीने लक्षात ठेवण्यासारखे आहे. ज्या वर्षी मुंबई हायला तेल लागले त्याच वर्षी महाराष्ट्र वन विकास महामंडळाची स्थापना झाली आणि नैसर्गिक मिश्र जंगल तोडून सागाची लागवड करण्याचे काम त्याने हाती घेतले. मिश्र जंगल म्हणजे सरपण, मोहफूल, तेंदूपान, डिंक, चारोळी. सागाचे एकसुरी रान म्हणजे मुख्यतः लिलावाचे लाकूड. १९८० च्या वनसंवर्धन कायद्यानंतर जंगलजमिनीच्या वापरावर केंद्राचे नियंत्रण आले. गावालगतचे जंगल विरळ होत गेले तसतशी सरपणाची वाट लांबली. पहाटे निघायचे, वाळलेल्या फांद्या आणि धावड्या-ऐनाचे पडलेले लाकूड कोयत्याने तोडायचे, वेलाने बांधून डोक्यावर पेलेल एवढी मोळी करायची आणि ऊन चढायच्या आत परतायचे, हे काम मुख्यतः बायकांचे आणि पोरींचे होते. मोळी घरची चूल पेटवी किंवा नागभीडसारख्या बाजाराच्या गावी विकली जाई, आणि अनेक भूमिहीन घरांना उन्हाळ्यात रोख पैसा देणारा तो एकच व्यवसाय असे.

चुलीपुढचा खर्च याहून मोठा होता. झाडीपट्टीच्या घरात स्वयंपाकाचा कोपरा सहसा बिनखिडकीचा असे. पावसाळ्यात ओले लाकूड फुंकणीने फुंकून पेटवताना होणारा धूर कौलांच्या फटींतून सावकाश बाहेर पडे, आणि तो जाईपर्यंत चुलीजवळ बसलेली बाई आणि तिच्या मांडीवरचे मूल तोच श्वासात घेत. लहान मुलांचा न्यूमोनिया आणि घरातील धूर यांचा संबंध वैद्यकशास्त्राने अनेक देशांत सिद्ध केला आहे. शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये स्थापन केलेल्या ‘सर्च’ संस्थेने १९८८-८९ मध्ये न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू गावातल्या गावात उपचार करून कमी करण्याचा प्रयोग केला, आणि ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात १९९० मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाल्यावर तो जगभर गाजला. त्या प्रयोगाचा विषय औषधोपचार होता, धूर नव्हे, आणि त्याचा आधार घेऊन कोणत्याही मृत्यूचे खापर चुलीवर फोडणे चूक होईल. मात्र मुलांना न्यूमोनिया मोठ्या प्रमाणावर मारीत होता आणि घरोघर लाकूड जळत होते, या दोन्ही गोष्टी त्याच प्रदेशात त्याच वर्षांत खऱ्या होत्या, आणि तीच अरबी समुद्रातील फ्लेअरिंगची शिखरावस्थेची वर्षे होती.

येथे एका सोप्या चुकीपासून सावध राहिले पाहिजे. समुद्रात जळणारा वायू उचलून थेट नागभीडच्या चुलीत घालता आला असता, असे कोणी म्हणू नये. त्याचा मुख्य घटक मिथेन, आणि तो घरगुती सिलिंडरमध्ये द्रव होऊन राहत नाही. सिलिंडरमध्ये भरतात ते प्रोपेन आणि ब्यूटेन, जे सहजात वायूतून वेगळे काढावे लागतात आणि उरणच्या प्रकल्पात काढले जातही होते. ऊर्जेचे प्रमाण म्हणून पाहिल्यास १९९०-९१ चा जाळलेला वायू २५ कोटींहून अधिक घरगुती सिलिंडरांच्या तोडीचा होता, पण हे केवळ मापन आहे. शहरांना आणि कारखान्यांना वाहिनीचा वायू मिळाला असता तर तेथे खपणारे रॉकेल आणि सिलिंडर ग्रामीण भागाकडे वळवणे निदान शक्य झाले असते, इतकाच दावा करता येतो. प्रत्यक्षात १९८० च्या दशकात शहरातील मध्यमवर्गालाही गॅसच्या जोडणीसाठी वर्षानुवर्षे थांबावे लागे, खासदारांकडे जोडण्यांचा कोटा असे, आणि नागभीडच्या रेशन दुकानातले रॉकेल कंदिलालाच पुरत नसे. त्या दशकातल्या एक रुपयाच्या नोटेवर मागील बाजूस ‘सागर सम्राट’चे चित्र होते, आणि समुद्रातल्या तेलाचे झाडीपट्टीच्या आठवडी बाजारात पोहोचलेले तेवढेच दर्शन होते.

समुद्राच्या बाजूनेही खर्च होताच. उरण तालुक्यातील शेतकऱ्यांच्या जमिनी नवी मुंबई, बंदर आणि ऊर्जाप्रकल्पांसाठी गेल्या, आणि जमिनीच्या मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जानेवारी १९८४ मध्ये झालेल्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात पाच शेतकरी मृत्युमुखी पडले. तो लढा फ्लेअरिंगविरुद्ध नव्हता, परंतु ज्या किनाऱ्यावर वायू उतरत होता त्या किनाऱ्याने विकासाची किंमत कशी मोजली हे त्यावरून दिसते. फलाटांच्या भोवती पाचशे मीटरचे सुरक्षाक्षेत्र असते आणि त्यात मासेमारीला बंदी असते. फलाटावरचे कामगार तर कायम आगीच्या शेजारीच राहत. जुलै १९८२ मध्ये ‘सागर विकास’ या खोदकाम-फलाटावर विहिरीचा उद्रेक होऊन आग लागली, आणि २७ जुलै २००५ रोजी मुंबई हाय उत्तर फलाटाला एक साहाय्यक जहाज धडकून वायूवाहक नळ फुटला तेव्हा संपूर्ण फलाट सुमारे दोन तासांत नष्ट झाला व २२ जण दगावले किंवा बेपत्ता झाले. फ्लेअरची ज्वाळा मात्र समुद्रात दूर होती म्हणून मुंबईच्या नागरिकांना तिचा त्रास झाला नाही, आणि म्हणूनच तिच्याविरुद्ध कधी मोर्चाही निघाला नाही.

नायजेरियात नायजर नदीच्या त्रिभुज प्रदेशात परिस्थिती याच्या उलट होती. तेथे १९५६ मध्ये तेल लागले आणि फ्लेअर गावांच्या सीमेवर, काही ठिकाणी घरांच्या अंगणालगत उभे राहिले. अशा गावांना अनेक दशके खरा अंधार अनुभवायला मिळाला नाही. १९७९ च्या कायद्याने १९८४ पर्यंत वायू जाळणे बंद करण्याचा आदेश दिला, पण दंड इतका क्षुल्लक होता की कंपन्यांना वायू वाचवण्यापेक्षा तो भरणे स्वस्त पडले. नोव्हेंबर २००५ मध्ये तेथील केंद्रीय उच्च न्यायालयाने फ्लेअरिंग हे जीविताच्या आणि प्रतिष्ठेच्या हक्काचे उल्लंघन असल्याचा निर्णय दिला, तरीही ज्वाळा विझल्या नाहीत. जागतिक बँकेच्या उपग्रहाधारित मोजणीनुसार २०२४ मध्येही जगात सुमारे १५,१०० कोटी घनमीटर वायू जाळला गेला.

मुंबई हायच्या बाबतीत वळण आले ते पर्यावरणाच्या जाणिवेने नव्हे, तर पैशाच्या टंचाईने. १९९१ च्या परकीय चलनाच्या अरिष्टात आयात तेलाचे बिल देणे अवघड झाले, आणि त्याच वर्षी जागतिक बँकेने तेल व नैसर्गिक वायू आयोगाला वायू जाळणे कमी करण्याच्या प्रकल्पासाठी कर्ज मंजूर केले. समुद्रात दाबयंत्रांची क्षमता वाढली, वाहिन्या वाढल्या, आणि पंधरा वर्षे ‘अपरिहार्य’ म्हटली गेलेली गोष्ट दहा वर्षांच्या आत आटोक्यात आली: २०००-०१ मध्ये सुमारे २,९४८ कोटी घनमीटर उत्पादनातून १६२ कोटी, म्हणजे साडेपाच टक्के, वायू जाळला गेला. १९९५ मध्ये महानगर गॅस कंपनी स्थापन होऊन मुंबईच्या स्वयंपाकघरांत नळाचा वायू येऊ लागला. मधल्या काळातील एक विसंगती मात्र नोंदवली पाहिजे. जून १९९२ मध्ये महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाने दाभोळच्या वीजप्रकल्पासाठी एन्रॉन या अमेरिकी कंपनीशी सामंजस्य करार केला, त्यात परदेशातून द्रवरूप वायू आणून वीज करण्याची योजना होती. ज्या किनाऱ्यावर ही योजना आखली जात होती त्याच किनाऱ्यासमोर देशी वायू अजूनही जळत होता. २००४ पासून भारत गुजरातमधील दहेज बंदरात द्रवरूप वायू आयात करू लागला, आणि पूर्वी फुकट घालवलेले इंधन डॉलर मोजून घेण्याचे ते चक्र अजून चालू आहे.

झाडीपट्टीत बदल उशिरा पोहोचला. २०११ च्या जनगणनेत ग्रामीण भारतातील सुमारे ६२ टक्के कुटुंबे स्वयंपाकासाठी लाकूड आणि ११ टक्के एलपीजी वापरीत होती. २०१५ मध्ये राज्याच्या वनविभागाने डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेत वनालगतच्या गावांना सवलतीत गॅस देण्यास सुरुवात केली, आणि मे २०१६ मध्ये गरीब घरांना गॅसजोडणी देणारी केंद्राची उज्ज्वला योजना आली, तेव्हा नागभीड तालुक्यातील अनेक घरांत पहिली शेगडी लागली. त्यानंतरही सिलिंडर पुन्हा भरण्याची किंमत न परवडल्याने चूल बंद झाली नाही, आणि ब्रह्मपुरी वनविभागात वाघांची संख्या वाढल्यावर सरपण, मोहफुले किंवा तेंदूपाने आणायला गेलेल्या माणसांवर हल्ले होत राहिले. नागभीडजवळच्या घोडाझरी परिसराला २०१८ मध्ये अभयारण्याचा दर्जा मिळाला, त्यामुळे मोळी आणण्याची वाट आणखी अरुंद झाली. मुंबईहून नागपूरमार्गे झारसुगुड्याकडे जाणाऱ्या वायूवाहिनीचे काम २०२० च्या दशकात हाती घेतले गेले. मुंबई हायचा पहिला वायू वाहिनीने उरणला उतरला तो १९७८ मध्ये, म्हणजे विदर्भाकडे नळ वळण्यास चाळीस वर्षांहून अधिक काळ लागला.